शेवटचे ३५ किमी रेल्वेने गेलो. आता "पासाउ ते व्हिएन्ना सायकलने केलं" असं म्हणायचं का?

रानजाई

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी म्युनिकला शिकते. सप्टेंबरच्या शेवटी, सेमिस्टर सुरू व्हायच्या आत, आम्ही पाच जण डान्यूबच्या काठाकाठाने पासाउहून व्हिएन्नाला सायकलने गेलो. साधारण ३२० किमी, सहा दिवस. रस्ता बहुतेक सपाट आणि गाड्यांपासून वेगळा, त्यामुळे यात पराक्रम वगैरे काही नाही. सत्तरीची जोडपी आम्हाला घंटी वाजवून मागे टाकत होती. मंडळींची नावं सांगत नाही, गावं सांगते: सोलापूर, इंदूर, कोची, आमच्या घरात राहणारा जर्मन म्हणजे हॅनोवर, आणि मी सांगली.

पहिले पाच दिवस छान गेले. (माउटहाउझेनला छळछावणीचं स्मारक आहे, तिथे अर्धा दिवस थांबलो. त्याबद्दल इथे दोन ओळींत लिहिणार नाही.) वाखाउच्या द्राक्षमळ्यांत जरा जास्तच रेंगाळलो आणि शेवटच्या दिवसासाठी क्रेम्स ते व्हिएन्ना असे ऐंशीएक किमी उरले. दोन सायकली भाड्याच्या होत्या, त्या सहाच्या आत व्हिएन्नाच्या दुकानात द्यायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी म्युनिकची गाडी. तिच्यात सायकलसाठी वेगळी जागा आरक्षित करावी लागते, आणि ती आम्ही महिनाभर आधी करून ठेवली होती. म्हणजे मुक्काम वाढवायची सोय नाही.

या खोऱ्यात वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा असतो. म्हणून तर सगळे पासाउकडून व्हिएन्नाकडे जातात. आमच्या नशिबी त्या दिवशी पूर्वेचा वारा, वर पाऊस. त्स्वेंटेनडॉर्फच्या पुढे सोलापूरच्या मागच्या चाकाची तार तटकन तुटली आणि चाक आउट होऊन ब्रेकला घासायला लागलं. कोचीचा गुडघा मेल्कपासूनच सुजलेला. पाऊण वाजता टुल्नला एका बेकरीत शिरलो तेव्हा पंचेचाळीस किमी झाले होते, पस्तीस बाकी.

तिथे वाटा फुटल्या. इंदूर आणि हॅनोवर सायकलने पुढे गेले. सोलापूर, कोची आणि मी रेल्वेने.

संध्याकाळी प्राटरच्या जायंट व्हीलखाली पाच जणांचा फोटो काढला. फोटोत तिघे कोरडे आणि दोघे नखशिखांत ओले. सोलापूरने तो "५ जण, ६ दिवस, ३२० किमी" असं लिहून टाकला. हॅनोवरला त्याचं काही नाही. इंदूर मात्र तेव्हापासून रुसलाय. त्याचं म्हणणं, तिघांनी २८५ लिहावं.

तर प्रश्न असा: सफर पूर्ण झाली म्हणायची की नाही? आणि शेवटच्या दिवशी गटाने फुटावं का?

तिरकस

पहिला! २८५ + ३५ रेल्वेने = ३२०. गणित बरोबर आहे, विषय संपला. फोटो कुठेत?

चक्रधर५८

रानजाई, धागा आवडला, पण उत्तर आवडणार नाही. आम्ही ब्रेव्हे करणारी माणसं, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ल्याची सायकलफेरी पूर्ण करायची. २०० किमीला साडेतेरा तास मिळतात. एकशे नव्व्याण्णव किमी करून उरलेल्या एका किमीला टेम्पोत बसलीस तरी निकाल एकच, डीएनएफ, म्हणजे फेरी अपूर्ण. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला १२०० किमी ९० तासांत करायचे असतात. तिथे शेवटच्या पन्नासात सायकल खांद्यावर घेऊन चालत आलेले लोक पाहिलेत. त्यांना कुणी विचारलं नाही की रेल्वे का नाही घेतली.

यात कमीपणा काही नाही. माझ्या नावावर चार डीएनएफ आहेत. पण त्याला पूर्ण म्हणू नये. इंदूरचं बरोबर आहे.

डचवासी

चक्रधरकाका, ही पोरांची सहल आहे, ब्रेव्हे नाही.

समोरच्या वाऱ्याबद्दल मात्र मी बोलू शकते, बारा वर्षं नेदरलँड्समध्ये काढली आहेत. इथे उलट्या वाऱ्यात सायकल चालवायची राष्ट्रीय स्पर्धाच होते. समुद्राच्या लाटा अडवायला बांधलेल्या ऑस्टरस्केल्डच्या बंधाऱ्यावर साडेआठ किमी, साध्या बिनगिअरच्या सायकलवर ताठ बसून. तारीख आधी ठरत नाही. वादळाचा अंदाज आला की दोन-तीन दिवस आधी सांगतात, उद्या-परवा या. पहिल्यांदा नवऱ्याने सांगितलं तेव्हा वाटलं चेष्टा करतोय.

सांगायचं काय, की पावसात आणि उलट्या वाऱ्यात ३५ किमी म्हणजे ३५ नसतात. चढावर निदान माथा दिसतो, पलीकडे उतार असतो. वाऱ्याला माथा नाही. मी तर रेल्वेच घेतली असती.

मीठभाकर

आमच्या आजोबांनी चाळीस वर्षं वारी केली. शेवटच्या दोन वर्षांत पाय सुजायचे, तर वाखरीपर्यंत कसेबसे चालत आणि तिथून पुढे कुणीतरी गाडीवर बसवून पंढरपुरात नेई. गावात कुणीही "वारी अपुरी राहिली" म्हणालं नाही. विठोबा काय तिकीट तपासतो का?

तिरकस

@मीठभाकर, विठोबा नाही तपासत, पण इंदूर तपासतो.

उंडगा

उलट विचार करा. वाखरी ते पंढरपूर हाच टप्पा चालण्यात सगळा आनंद असतो. रिंगण झालेलं असतं, कळस जवळ आलेला असतो. शेवटचा टप्पा सोडायचा तर मग मधलाच एखादा कंटाळवाणा सोडावा. मी कॉलेजात असताना पुणे-गोवा सायकलने गेलो होतो, १९९६ साली. बिनगिअरच्या सायकली, कॅरिअरला सुतळीने बांधलेल्या पिशव्या. कोल्हापूर ते निपाणी आम्ही उसाच्या ट्रॅक्टरला धरून गेलो. त्याचं कुणालाच काही वाटलं नाही. पण पणजीच्या पुलावर एकाची चेन तुटली तर सगळे उतरून त्याच्याबरोबर सायकली ढकलत मांडवी ओलांडली. शेवट सगळ्यांनी बरोबरच करायचा असतो. माझं मत: पाचही जणांनी रेल्वेने जायला हवं होतं.

स्पॅनर

ज्यांना पुढेमागे उपयोग होईल त्यांच्यासाठी, कारण इथे सगळे तत्त्वज्ञानातच शिरलेत.

तार तुटली की तुटकी तार शेजारच्या तारेला गुंडाळायची, म्हणजे ती फ्रीव्हीलमध्ये जात नाही. मागचा ब्रेक सैल सोडायचा, चाक घासायचं थांबतं. पुढचा ब्रेक शाबूत आहे ना, ते आधी बघून घ्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागच्या कॅरिअरवरचं ओझं काढून दुसऱ्याच्या सायकलवर टाकायचं. एवढं केलं तर सपाट रस्त्यावर पस्तीस किमी सहज निघतात. मी साठ काढलेत. तारा घट्ट करायचा छोटा पाना दोनशे रुपयांना मिळतो, वजन काहीच नाही.

आता मला सांगा, सोलापूरच्या कॅरिअरवर होतं काय? सपाट रस्त्यावर तार अशी उगाच तुटत नाही.

रानजाई

@स्पॅनर, सांगायला लाज वाटते. तीन लिटरचा कुकर.

तिरकस

काय???

रानजाई

खरंच. त्याला ब्रेडवर सहा दिवस काढणं शक्य नव्हतं. कुकर, तांदूळ, तूरडाळ, शेंगाचटणीचा डबा आणि कॅम्पिंगचा गॅस. तंबूच्या जागेवर शिट्टी झाली की शेजारचे लोक बाहेर येऊन बघायचे. ग्राइनला एका डच आजोबांनी वरणभात खाऊन चटणी मागून नेली. त्यामुळे आम्हीही त्याला काही बोलू शकत नव्हतो, पाचही जण तेच जेवत होतो.

डचवासी

शेंगाचटणी मागितली म्हटल्यावर डच नक्की. फुकट होती ना?

पेठेतला

सफर पूर्ण झाली की नाही ते राहू दे, कुकर सायकलने व्हिएन्नाला पोचला की रेल्वेने?

रानजाई

रेल्वेने. माझ्या मांडीवर.

आजोळ

मुलांनो, हसून झालं असेल तर एक विचारते. माझा मुलगा श्टुटगार्टला आहे, म्हणून या गोष्टी मी आईच्या नजरेने वाचते. पावसात, थकलेल्या पायांनी, अनोळखी शहरात संध्याकाळी शिरायचं, हे बरं का? दिवे, हेल्मेट, विमा हे सगळं होतं ना? आणि रस्त्यात कुणाला काही झालं तर कुणाला फोन करायचा हे पाचही जणांना ठाऊक होतं का?

दानुबकाठ

नमस्कार, मी नऊ वर्षं व्हिएन्नात आहे, हा रस्ता माझ्या दारातून जातो म्हटलं तरी चालेल.

@आजोळ काकू, काळजी रास्त आहे, पण हा भाग अगदी वस्तीतला आहे. ११२ सगळ्या युरोपात चालतो, रुग्णवाहिकेसाठी इथे १४४. खरा धोका नदीकाठी नाही, शहरात शिरल्यावर आहे: ट्रामचे रूळ. ओल्या रुळात पुढचं चाक तिरपं गेलं की माणूस आडवा. रूळ काटकोनात ओलांडायचे, जमत नसेल तर उतरायचं. सहा दिवस काही न होता आलेले लोक शेवटच्या अर्ध्या तासात पडतात, कारण लक्ष हॉटेलात गेलेलं असतं.

आता रानजाई, तू काय गमावलंस ते सांगतो, राग मानू नकोस. टुल्ननंतर ग्राइफेनश्टाइनचं जलविद्युत केंद्र लागतं, मग क्लोस्टरनॉयबुर्गचा मठ. तिथून पलीकडच्या कोर्नॉयबुर्गला जायला फेरी आहे. तिला पुढे नेणारं इंजिन नाही. नदीवर आडवी तार बांधलेली, तिला होडी दोराने अडकवलेली. होडी प्रवाहाला तिरकी केली की पाणीच तिला पलीकडे ढकलतं. वाखाउत श्पित्सला आहे तशीच. त्यानंतर डोंगर अगदी नदीला येऊन भिडतो. एका अरुंद पट्टीत रेल्वे, रस्ता, सायकलवाट आणि नदी शेजारीशेजारी. आणि मग नुसडॉर्फ. तिथून डान्यूबचा कालवा शहरात वळतो. तिथल्या पुलावर ओटो वाग्नरने उंच खांबांवर दोन सिंह बसवलेत. माझ्या दृष्टीने व्हिएन्ना त्या सिंहांपाशी सुरू होतं, प्राटरला नाही.

पण एक गोष्ट तुलाही मिळाली आणि तुला ठाऊक नसणार. ज्या टुल्न स्टेशनवर तू बसलीस त्याच इमारतीत चित्रकार एगोन शीलेचा जन्म झाला, १८९० साली. वडील तिथे स्टेशनमास्तर होते. वरच्या मजल्यावरचं त्यांचं बिऱ्हाड बघायला मिळतं. लहानपणी तो आगगाड्यांचीच चित्रं काढायचा. म्हणजे टुल्नहून रेल्वेने जाणं अगदीच अरसिक नाही.

रानजाई

@दानुबकाठ, वरच्या मजल्यावर काय आहे याचा पत्ताच नव्हता. आम्ही खाली बाकावर बसून मोजे पिळत होतो.

@आजोळ काकू, दिवे, हेल्मेट, विमा सगळं होतं. आईला मात्र पाऊस सांगितला नव्हता.

उंडगा

"त्स्वेंटेनडॉर्फच्या पुढे" असं लिहिलंयस आणि अणुभट्टीबद्दल चकार शब्द नाही? मी तर तेवढ्यासाठी गेलो असतो. पूर्ण बांधून तयार असलेला अणुवीज प्रकल्प, ५ नोव्हेंबर १९७८ ला सार्वमत घेतलं आणि ५०.४७ टक्के लोक नको म्हणाले. एक दिवसही चालू न झालेली भट्टी आजही नदीकाठी उभी आहे.

रानजाई

दिसली ना. भला मोठा राखाडी ठोकळा आणि शेजारी उंच धुराडं, सगळं पावसात. हॅनोवर सांगत होता, पण मी टोपी कानांवर ओढली होती. मला फक्त त्या भिंतीचा आडोसा हवा होता. तो मिळाला नाही, वाट नदीच्या बाजूने जाते.

पेठेतला

आणि आपल्याकडे जैतापूरला... बरं जाऊ दे.

तिरकस

@पेठेतला, जाऊ दे म्हणून सोडून देतोस आणि मग दोनशे प्रतिसाद येतात. धाग्याचा काश्मीर करू नका.

व्यवस्थापन

जैतापूरवर वेगळा धागा आहे. इथे सायकलीच राहू द्या.

तिरकस

मालक आले. सायकलीवर येतो.

मुळात तुम्ही पाचही जण अपूर्ण आहात. काठावर किलोमीटरच्या पाट्या बघितल्यास ना? पासाउला २२२५ च्या आसपास सुरू होतात आणि उतरत जातात. हे अंतर व्हिएन्नापर्यंतचं नाही. आकडे काळ्या समुद्रातल्या मुखापासून मोजतात. व्हिएन्नाला राइख्सब्रुक पुलापाशी १९२९. म्हणजे इंदूर आणि हॅनोवर यांचे १९२९ बाकी, तुम्हा तिघांचे १९२९ अधिक ३५. आता सांगा कोण कुणाला हसणार.

चक्रधर५८

हे मात्र खरं. ही वाट युरोवेलो ६ या लांब सायकलमार्गाचा भाग आहे, फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत, साडेचार हजार किमीच्या आसपास.

बाय द वे, पाट्या उतरत्या असतात म्हणूनच उत्साह टिकतो. घाटात नेमकं उलट वाटतं.

दानुबकाठ

व्हिएन्नापुढचा भाग तर जास्त सुंदर आहे. ब्रातिस्लाव्हापर्यंत एका दिवसाचं काम. वाटेत हाइनबुर्गचं पाणथळ जंगल. १९८४ च्या डिसेंबरात तिथे धरण होणार होतं. हजारो लोक, त्यात कितीतरी विद्यार्थी, कडाक्याच्या थंडीत जंगलात तंबू ठोकून बसले आणि काम थांबवलं. १९९६ ला त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. ते विद्यार्थी बहुधा शेवटच्या दिवसापर्यंत थांबले होते. (टोमणा नाही हां.)

मीठभाकर

वाखाउ म्हणजे जर्दाळूंचं गाव ना? कुणी जर्दाळूचे मोदक खाल्ले का? माझ्या बहिणीने फोटो पाठवला होता.

रानजाई

मारिलेनक्न्योडल! अख्खं जर्दाळू, बटाट्याच्या किंवा चक्क्यासारख्या चीजच्या पारीत, उकडून मग लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवतात. ताजी जर्दाळू जुलैत असतात, आम्हाला साठवणीतली मिळाली. सोलापूर म्हणाला, वर तूप हवं. इंदूरने चार खाल्ले.

आजोळ

रानजाई, धागा परत पहिल्यापासून वाचला. एक विचारू का? रागावू नकोस, शाळेत तीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे खोड आहे.

सोलापूरच्या चाकाची तार तुटली. कोचीचा गुडघा सुजला. सांगलीचं काय झालं होतं?

तिरकस

🍿

पेठेतला

काकूंनी बॉम्ब टाकला.

उंडगा

अरे हो की. माझ्या लक्षातच आलं नाही.

चक्रधर५८

मुलीला उत्तर द्यायला वेळ द्या. दोन दिवस झाले, ती आली नाहीये.

रानजाई

आले. परीक्षा नव्हती की काही नव्हतं, उत्तर सुचत नव्हतं.

काकू, सांगलीला काहीही झालं नव्हतं. माझी सायकल ठणठणीत होती आणि मीही.

बेकरीत इंदूरने विचारलं, "तू येतेस ना?" मी म्हटलं, या दोघांबरोबर कुणीतरी हवं. सोलापूर म्हणाला, रेल्वेच तर आहे, आम्ही जाऊ की. मी म्हटलं, नाही नाही, कोचीला सायकल डब्यात चढवता येणार नाही, तिचा गुडघा बघ. कोची काही बोलली नाही. नंतर स्टेशनवर तिची सायकल तिनेच चढवली. माझ्या हातात कुकर होता.

खरं कारण एवढंच की बेकरी गरम होती. माझ्या बुटात पाणी होतं, बोटं इतकी गार पडली होती की ब्रेक दाबला का ते बघून कळत होतं. मला कंटाळा आला होता. दुखणं नाही, भीतीसुद्धा नाही. नुसता कंटाळा. तो म्हणायला लाज वाटली म्हणून कोचीचा गुडघा पुढे केला.

आणि इंदूर किमीसाठी रुसलेला नाही, हे मला धागा काढतानाही ठाऊक होतं. क्रेम्सपासून टुल्नपर्यंत पंचेचाळीस किमी तो माझ्या पुढे होता. वारा तो अंगावर घेत होता, मी त्याच्या मागच्या चाकाला चिकटून आडोशाने येत होते. मध्ये एकदा म्हटलं, आता मी पुढे येते. तो म्हणाला, तू टुल्ननंतर ये, तेव्हा मी दमलेला असेन.

@दानुबकाठ, तुम्ही लिहिलंत ना, डोंगर नदीला भिडतो आणि रेल्वे नि सायकलवाट शेजारीशेजारी येतात. आम्ही तासाभराने निघालेली गाडी पकडली होती. तिथे मी काच बाहीने पुसली, तर खाली वाटेवर नारिंगी रेनकोट. तोच पुढे, मागे हॅनोवर. इंदूर पॅडलवर उभा राहून मारत होता, सपाट रस्त्यावर. दोन-तीन सेकंद दिसले असतील. सोलापूर आणि कोची झोपले होते. मी कुणाला उठवलं नाही. काचेवर परत वाफ धरली.

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. इथे टोपणनाव आहे म्हणून लिहिलं.

आजोळ

लिहिलंस ते बरं झालं. मोजे वाळले का मग?

डचवासी

मी वर "मी तर रेल्वेच घेतली असती" म्हटलं होतं. अजूनही घेतली असती. पण पंचेचाळीस किमी कुणाच्या आडोशाने आल्यावर नाही. इथे त्याला नियम म्हणत नाहीत, पण आळीपाळीने पुढे जायचं असतं एवढं शाळेतल्या पोरांनाही कळतं.

चक्रधर५८

डीएनएफ वगैरे मी मागे घेतो, तो मुद्दाच नव्हता. ब्रेव्हेला मी एकदा माझ्या जोडीदाराला खंबाटकीच्या पायथ्याशी असाच सोडून धाब्यावर झोपलो होतो. पाठ दुखते म्हणालो. त्याने पूर्ण केली, रात्री दोनला परत येऊन मला उठवलं आणि चहा पाजला. पाठीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. ते जास्त लागलं. पुढच्या वर्षी तोच मार्ग, पुणे ते सातारा सबंध मी पुढे.

तिरकस

काका, हे आधी का नाही सांगितलंत? पहिल्या प्रतिसादात तर आवाज वेगळाच होता.

चक्रधर५८

पहिला प्रतिसाद सगळेच तसा देतात.

उंडगा

रानजाई, माझ्या पुणे-गोव्यातली एक गोष्ट मीही गाळली होती. पणजीच्या पुलावर चेन तुटली ती माझीच. सगळे उतरले तेव्हा मी मनातल्या मनात म्हणत होतो, हे पुढे गेले तर बरं, निदान मला रडता येईल. त्यामुळे "शेवट सगळ्यांनी बरोबरच करायचा" हे दरवेळी खरंच असतं असं नाही.

पेठेतला

मूळ प्रश्नाचं काय? ३२० की २८५?

मीठभाकर

२८५ लिही. आणि इंदूरला फोन कर, मेसेज नको.

रानजाई

सोलापूरने फोटोखालचा आकडा बदलला, मी सांगितल्यावर. आता "दोघे ३२०, तिघे २८५, कुकर २८५" असं आहे.

दानुबकाठदादा, एक विचारायचं होतं. टुल्न ते व्हिएन्ना नोव्हेंबरच्या एखाद्या शनिवारी होईल का? म्युनिकहून आदल्या रात्री निघून.

दानुबकाठ

होईल, पण कशाला? नोव्हेंबरअखेर इथे चार वाजून गेले की सूर्य मावळतो. वाटेवर ओला पाचोळा असतो, वळणावर चाक घसरतं. मार्चअखेर ते एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात ये. वाखाउत जर्दाळूंना फुलं आलेली असतात. क्रेम्सपासूनच सुरू कर, म्हणजे पुढे राहायला पूर्ण ऐंशी मिळतील. नारिंगी रेनकोटवाल्याला तुझ्या चाकामागे राहू दे. मडगार्ड लावून ये मात्र, नाहीतर तुझ्या चाकाचं पाणी त्याच्या तोंडावर. परत जाताना सायकलच्या जागा आधी आरक्षित कर, वसंतात लवकर भरतात. शेवटी आमच्याकडे जेवायला या, पिठलं-भात.

स्पॅनर

सोलापूर येणार असेल तर त्याला सांगा, मागचं चाक ३६ तारांचं करून घे. आणि कुकर पुढच्या कॅरिअरला.

रानजाई

फोन केला. सगळं सांगितलं, गाडीच्या काचेसकट. बराच वेळ पलीकडून आवाज नाही, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाला, "तो चढ होता थोडा." मी म्हटलं, नव्हता, सपाट होतं. म्हणाला, "तू गाडीत होतीस, तुला काय कळणार."

एप्रिलबद्दल विचारलं तर रात्री मेसेज आला: सोलापूर कुकर आणणार असेल तर मी नाही.

मग पाच मिनिटांनी दुसरा: दोन लिटरचा मिळतो का बघ.